वर्ध्याचे लायसन्स आणि दुबईचा रस्ता

पुलगावहून देवळीमार्गे वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत मी आयुष्यभर ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मागे बाकावर बसून खिडकीबाहेर पाहण्याची वेळ निवृत्तीनंतर आली. २०२३ च्या नोव्हेंबरातल्या त्या सकाळी माझ्या शेजारी माझा भाचा होता. त्याच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत पासपोर्ट, लायसन्स, चार फोटो आणि त्याच्या आईने फडक्यात बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी. आम्ही निघालो होतो वर्ध्याच्या आरटीओत, 'इंटरनॅशनल लायसन्स' काढायला.

पोरगा सत्तावीस वर्षांचा. नववीपर्यंत शिकलेला. वडील पुलगावच्या कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि घर विस्कटले. पोराने आधी क्लीनरकी केली, मग लायसन्स काढले आणि सहा वर्षे पिकअप चालवली. हिंगणघाटच्या बाजारातून माल भरायचा, रात्री नागपूरला उतरवायचा आणि सकाळी परत यायचे. महिन्याकाठी हाती पडायचे ते किराणा आणि लेकराच्या फीमध्ये संपायचे. अशात नागपूरच्या एका एजंटाने त्याला गाठले. दुबईत ड्रायव्हरची नोकरी, पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट. एकूण खर्च एक लाख चाळीस हजार. माझ्या बहिणीकडे एवढी रक्कम कुठून येणार? गिरणीच्या हिशेबाच्या पैशांतून घेतलेला एक लहानसा प्लॉट होता, तो गहाण टाकायचे ठरले.

बहीण मला म्हणाली, "दादा, तू तं जिंदगी स्टेअरिंगवर काढली. तू सोबत जाय त्याच्या. कागदपत्रातलं मले काई समजत नाई."

म्हणून मी निघालो. खरे सांगायचे तर त्या कागदपत्रातले मलाही फारसे समजत नव्हते.

रस्ता ओळखीचा, कागद अनोळखी

पुलगाव सोडले की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. नोव्हेंबरात कपाशी फुटलेली असते. कमरेला ओटी बांधून बाया कापूस वेचताना दिसतात आणि तुरीला फुले आलेली असतात. पुलगावजवळच कवठा हे गाव आहे. आज त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा वेगळा केला, तेव्हा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण हे कवठा होते. चार वर्षांनी, १८६६ मध्ये, ते पालकवाडी नावाच्या खेड्याजवळ हलवले आणि तिथे आजचे वर्धा शहर वसले. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, भुसावळकडून येणारी रेल्वे नागपूरला पोचली. कापूस त्या रेल्वेने मुंबईला आणि तिथून विलायतेला गेला. त्या कापसावर पुलगाव आणि हिंगणघाटच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांत आपल्या लोकांच्या दोन-दोन पिढ्या खपल्या. म्हणजे आमच्या जिल्ह्यातला माल परदेशी जाणे ही जुनीच गोष्ट आहे. माणूस परदेशी जाणे मात्र नवे, निदान आमच्या वस्तीत तरी.

भाचा मला म्हणाला, "मामाजी, तुमचं लायसन तं तीस वर्सं जुनं. तुमाले तं तिकडं हातोहात घेतलं असतं."

मी हसलो. मलाही तसेच वाटत होते. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात पावसाळ्याच्या रात्री भरलेली गाडी उतरवणारा माणूस दुबईच्या सपाट रस्त्यावर गाडी चालवू शकणार नाही काय? वर्ध्यात बजाज चौकाजवळ उतरेपर्यंत मी त्याला माझ्या नोकरीच्या गोष्टी सांगत होतो.

खिडकीवर कळलेली गोष्ट

आरटीओत गर्दी होती. नवी गाडी पासिंगला आणलेले, शिकाऊ लायसन्सवाले, नूतनीकरणवाले. आता पुष्कळसे काम 'सारथी' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर होते. अर्ज घरून भरायचा आणि फक्त ठरल्या वेळी हजर व्हायचे. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी नमुना ४-अ भरावा लागतो. फी एक हजार रुपये. ज्या कार्यालयाच्या हद्दीत आपण राहतो, तिथूनच तो मिळतो.

खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि सहज विचारले, "कशासाठी हवा? फिरायला, की नोकरीला?"

"नोकरीले. दुबईले."

त्या थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, हा परवाना काढून देणे माझे काम आहे, मी देईन. पण याच्यावर तिथे नोकरी करता येत नाही. हा पाहुण्यांसाठी आहे."

वाचकहो, ती गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली. नंतर मी चार जाणत्यांना विचारून ती नीट समजून घेतली. आपल्या घरातले कोणी बाहेर निघाले असेल तर उपयोगी पडेल म्हणून ती सविस्तर सांगतो.

ज्याला आपण 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणतो ते खरे लायसन्स नव्हेच. ते आपल्या लायसन्सचे भाषांतर आहे. १९४९ साली जिनिव्हा येथे रस्ते वाहतुकीचा एक करार झाला. भारत त्यात १९६२ मध्ये सामील झाला. या करारातील देशांनी एकमेकांच्या पाहुण्यांना काही काळ गाडी चालवू द्यावी, यासाठी हा परवाना असतो. त्याची मुदत एक वर्षाची. ऑगस्ट २०२२ पासून देशभर त्याचा नमुना एकच केला असून त्यावर क्यूआर कोड असतो. पण त्याच्या मागे आपले मूळ लायसन्स जिवंत असले पाहिजे. मूळ कागद मेला की भाषांतरही मेले.

दुबईत पर्यटक म्हणून गेलेला माणूस या परवान्यावर भाड्याची मोटार चालवू शकतो. पण ज्या दिवशी राहण्याचा आणि कामाचा व्हिसा लागतो, त्या दिवसापासून तो पाहुणा उरत नाही. मग तिथले लायसन्स काढावेच लागते. काही देशांच्या लोकांना ते सोपे आहे. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांचे लायसन्स असले, की तिथे ते नुसते बदलून मिळते. डोळे तपासायचे, फी भरायची आणि नवे कार्ड घ्यायचे. भारताचे नाव त्या यादीत नाही. भारतीय ड्रायव्हरला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावे लागते. आधी लेखी परीक्षा, मग पार्किंगची, मग रस्त्यावरची. एवढेच, की जुने लायसन्स असेल तर धडे कमी लागतात. हलक्या गाडीला अगदी नवशिक्याला वीस तास आणि पाच वर्षांहून जुने लायसन्स असलेल्याला दहा तास असा हिशेब आहे. या सगळ्याला काही हजार दिरहम जातात. नापास झाले की पुन्हा पैसे.

एजंटाने यातले एक अक्षरही सांगितले नव्हते. तो म्हणाला होता, "इंटरनॅशनल काढून आण, उतरल्यावर दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगवर." आणि व्हिसा देणार होता तो फिरायला जाणाऱ्याचा.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थाचे असेच झाले होते. ड्रायव्हर म्हणून गेला आणि आठ महिने गोदामात पोती उचलत राहिला. चालवायला कागद नाही, कागद काढायला पैसा नाही आणि परत यायला तिकीट नाही. घरच्यांना तो फोनवर 'गाडीवर आहे' असेच सांगायचा. हे आम्हाला तो परत आल्यावर कळले.

बाकावरचा हिशेब

आम्ही ऑफिसच्या बाहेर कडुनिंबाखाली बसलो. भाकरी सोडल्या, पण पोराला घास जाईना.

"मंग माह्यं सहा वर्साचं लायसन म्हणजे काईच नाई का, मामाजी?"

काय उत्तर देणार? मलाही आतून लागले होते. सहा वर्षांचे त्याचे आणि तीस वर्षांचे माझे, दोन्ही समुद्रापलीकडे सारखेच शिकाऊ. श्रीमंत देशाच्या पोराने काल लायसन्स काढले तरी ते हातोहात बदलून मिळते आणि आमचे मिळत नाही. कागदालाही जात असते काय, असे मनात येऊन गेले. आपल्या लोकांच्या मनात हा प्रश्न लगेच उठतो, कारण माणूस पाहण्याआधी त्याचा शिक्का पाहण्याची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे.

गंमत अशी, की आपला देश उलट वागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ मध्ये तशी सोय आहे. परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेले लायसन्स ज्याच्याकडे आहे, त्याला त्याच प्रकारच्या गाडीसाठी चालवण्याची परीक्षा माफ होऊ शकते. मात्र वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. वर्ध्यातल्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी शिकायला येतात. त्यांच्यापैकी कोणी त्याच्या देशाचे लायसन्स घेऊन त्याच खिडकीवर गेला तर कायदा त्याच्यासाठी दार उघडे ठेवतो. आमच्या पोरासाठी तिकडचे दार मात्र परीक्षेशिवाय उघडत नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. लायसन्स बदलून देणे म्हणजे समोरच्या देशाच्या परीक्षेवर विश्वास टाकणे. आपल्याकडे एजंटाच्या हाती पैसे ठेवून, गाडीला हात न लावता लायसन्स काढणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा एकेका खोट्या कागदाने माझ्या भाच्याच्या खऱ्या कागदाची किंमत कमी केली. मी त्याला एवढेच म्हणालो, "परीक्षा मागतात तं मागू दे. तुले चालवता येते. ज्याले येते त्यानं परीक्षेले काऊन भ्यावं? पण पैसे कोनाले द्याचे आन् कशाचे द्याचे, हे आपून ठरवू."

मग आम्ही हिशेब मांडला. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो. असा नोंदलेला एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. त्याची पावती द्यावी लागते. आमचा गडी एक लाख चाळीस हजार मागत होता आणि पावतीचे नाव नव्हते.

दुसरी बाब पासपोर्टची. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असे लिहिलेले असते. आखाती देश धरून अठरा देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारची मंजुरी लागते. ती 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावरून मिळते. पुष्कळांना ही कटकट वाटते, पण ती आपल्याच रक्षणासाठी आहे. मंजुरीच्या वेळी नोकरीचा करार तपासला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचा अपघात विमा उतरवला जातो. फिरायच्या व्हिसावर गुपचूप नेणारा एजंट नेमके हेच रक्षण काढून घेतो. तिथे काही बरेवाईट झाले तर सरकारदरबारी आपली कामगार म्हणून नोंदच नसते.

दुपारी आम्ही अर्ज न देताच परतलो. एक हजार रुपये वाचले, आणि प्लॉटही. बहीण दारातच उभी होती. सर्व ऐकून ती म्हणाली, "म्हणजे जाणं रद्द?" पोरगा म्हणाला, "रद्द नाई माय. रांगेतून जातो."

तो रांगेतून गेला

पुढचे थोडक्यात सांगतो. त्याने नोंदलेल्या एजंटामार्फत अर्ज केला. करारात काम 'हलक्या वाहनाचा चालक' असे स्पष्ट लिहून घेतले. लायसन्सचा खर्च मालक आधी भरील आणि पगारातून हप्त्याने कापील, हेही लिहून घेतले. जाण्याआधी त्याने इथल्या लायसन्सची मुदत पाहिली. हे काम पुष्कळ जण विसरतात. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर नूतनीकरणासाठी पुन्हा चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. म्हणजे तिकडचे मिळाले नाही आणि इकडचेही गेले, अशी अवस्था होते. ज्यांच्याकडे जुने पुस्तकी लायसन्स आहे त्यांनी तर आधी आरटीओत जाऊन त्याची संगणकात नोंद करून घ्यावी. माझे स्वतःचे पुस्तक मी त्याच महिन्यात नोंदवून घेतले. जायचे कुठेच नाही, पण कागद जिवंत असलेला बरा.

२०२४ च्या पावसाळ्यात तो दुबईला गेला. लेखी परीक्षा हिंदीतूनही देता येते, म्हणून ती पहिल्या झटक्यात निघाली. पार्किंगही निघाले. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र दोनदा नापास झाला. रात्री फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता.

"मामाजी, तिकडं समदं उलटं हाय. स्टेअरिंग डावीकडं, गाडी उजवीकडून चालवाची. गेर उजव्या हातानं. माहा हात आपोआप डावीकडं जाते. आन् हॉर्न वाजवला तं परीक्षक असा पाह्यते, जसा काई मी त्याले शिवी देली."

मी म्हणालो, "सहा वर्सं हातानं जे शिकलं ते विसराले सहा हप्ते तं लागतीलच. चौकात गेला का आधी थांबत जाय. हॉर्नले हात नको लावू. पिकअप विसर आन् बस."

तिसऱ्या खेपेला तो पास झाला. तीनदा परीक्षा म्हणजे तीनदा फी. पहिले पाच महिने पगाराचा मोठा भाग त्यातच कापला गेला. घरी पैसे आले ते सहाव्या महिन्यापासून. हे सांगायला हवे. तिकडे गेल्याबरोबर पैसा सुरू होतो असे कोणी समजू नये. निदान सहा महिन्यांच्या किराण्याची तजवीज करून मगच घर सोडावे.

फक्त दुबईच नव्हे

आता आपली मुले-मुली आणखी दूर जाऊ लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्यूर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिका, विजेची कामे करणारे यांच्याबरोबर चालकही आहेत. तिथे भारतीय लायसन्स वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालते. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सक्तीचे धडे माफ असतात, पण प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. लेखी परीक्षा जर्मनखेरीज इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. ट्रक किंवा बस चालवून पोट भरायचे असेल तर त्याची वेगळी पात्रता लागते.

इंग्लंडमध्ये आपले लायसन्स बारा महिने चालते. त्यानंतर बदलून मिळत नाही. दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि लेखी परीक्षेला इंग्रजी आलेच पाहिजे. जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे. पूर्वी तिथे लायसन्स बदलताना दहाच प्रश्न विचारीत. ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न केले असून पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. लायसन्स मिळाल्यानंतर किमान तीन महिने आपण मायदेशी राहिलो होतो, हेही दाखवावे लागते. म्हणजे सगळीकडची गोष्ट एकच. पाहुणा म्हणून थोडे दिवस मोकळीक आणि रहिवासी झाला की परीक्षा. कुठेही जा, पहिल्या आठवड्यात विचारायचा पहिला प्रश्न हाच, की माझे लायसन्स कोणत्या तारखेपर्यंत चालते? ती तारीख उलटल्यावर चालवणे म्हणजे लायसन्सशिवाय चालवणे. अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो.

परतीचा रस्ता

२०२५ च्या ऑक्टोबरात भाचा महिन्याच्या रजेवर आला. दीक्षाभूमीला जायचे होते. त्याने मित्राची मोटार मागून आणली. बहीण, सून, लेकरू आणि मी. वर्ध्याजवळ येळाकेळीला आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. मी एसटीत होतो तेव्हा हा रस्ता कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आता तो नागपूरपासून थेट मुंबईकडे जातो. सातशे एक किलोमीटर.

निघताना एक गंमत झाली. पोरगा चावी घेऊन आला आणि सरळ डावीकडचे दार उघडून बसला. समोर स्टेअरिंगच नाही! सून तोंडाला पदर लावून हसली. तो ओशाळला आणि फिरून उजवीकडे आला. पहिले दहा किलोमीटर त्याने गाडी फार हळू चालवली. पुढची गाडी आडवी आली तरी हॉर्न वाजवला नाही.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्याने पाकीट उघडून मला दोन्ही कार्डे दाखवली. एक एमएच-३२ चे, एक दुबईचे. मी दोन्ही हातात घेऊन पाहिली. दोन्हींवर फोटो त्याचाच. इकडच्या फोटोत तो फार लहान दिसत होता.

"आता यातलं मोठं कोणतं, मामाजी?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "ज्याच्या जोरावर दुसरं भेटलं ते."

बहीण मागच्या सीटवरून ऐकत होती. ती काही बोलली नाही. प्लॉटचा कागद अजून तिच्या ट्रंकेतच आहे.